भाऊंची वही

क्रिकेटच्या बाबतीत आमच्या घरात पहिल्यापासून दोन पक्ष. एका पक्षात मी, माझे दोन चुलतभाऊ, समोरच्या वाड्यातील मुले आणि, खरे सांगायचे तर, उभे खामगाव. दुसऱ्या पक्षात एकटे भाऊ. आमचा पक्ष मुंबईचा, भाऊंचा विदर्भाचा. आमचा पक्ष दर वर्षी जिंकत असे आणि भाऊंचा दर वर्षी हरत असे. तरीही रात्री जेवणे आटोपल्यावर दिव्याशी वही उघडून बसत ते भाऊच. आम्हांला जिंकूनसुद्धा कधी काही लिहून ठेवावेसे वाटले नाही.

भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. ते तेरा वर्षांचे असताना, १९५७-५८ च्या हंगामात, रणजी करंडकाच्या सामन्यांत विदर्भ नावाचा संघ प्रथम उतरला. ती बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रात आली. ते वर्तमानपत्र जलंबहून येणाऱ्या छोट्या गाडीने दुपारी खामगावास पोहोचे. भाऊंनी शाळेत मास्तरांना विचारले, "मास्तर, बुलढाणा जिल्हा विदर्भातच येतो ना?" मास्तर म्हणाले, "येतो." एवढ्या एका शब्दावर भाऊंनी पुढची पासष्ट वर्षे काढली.

हा संघ आला कोठून, ते तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला तेव्हा आपल्या भागाचा संघ 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या लांबलचक नावाने खेळे. स्वातंत्र्यानंतर प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, तसे संघाचेही झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि आमचा बुलढाणा असे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. राजकारणात या आठ जिल्ह्यांचे पुढे काय व्हावे यावर तेव्हाही वाद होता आणि आजही तो मिटलेला नाही. क्रिकेटमध्ये मात्र तो पुढच्याच वर्षी मिटला. आठ जिल्ह्यांचा स्वतंत्र संघ झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले तेव्हाही हा संघ तसाच राहिला. म्हणून एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात. नकाशावर विदर्भ नावाचे राज्य शोधून सापडणार नाही. धावफलकावर मात्र ते नाव मुंबईच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत लागते. भाऊंना त्याचेच अप्रूप होते.

"हरले ना पुन्हा?" मी म्हणायचो.

"हरू दे ना बाप्पा," भाऊ वहीतून मान वर न करता म्हणायचे. "नाव तं आलं ना पेपरात."

दैवाचा खेळही पाहा. विदर्भ रणजीत आला आणि पुढच्याच हंगामापासून, म्हणजे १९५८-५९ पासून, मुंबईने करंडक जो उचलला तो १९७२-७३ पर्यंत खाली ठेवलाच नाही. ओळीने पंधरा वर्षे! माझे सगळे बालपण आणि तारुण्याचा आरंभ या पंधरा वर्षांत बसतो. मुंबई हरू शकते हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळले. विदर्भ जिंकू शकतो हे कळायला मात्र पासष्टी उलटावी लागली.

त्या काळी रणजीत प्रथम विभागवार सामने होत. विदर्भ मध्य विभागात. तेथे गाठ पडे ती राजस्थानशी. उदयपूरच्या राजघराण्याच्या आश्रयाने राजस्थानने विनू मांकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी असे मोहरे जमविले होते. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. जो संघ मुंबईपुढे हरे, त्याच्यापुढे आमचा संघ हरे. मी भाऊंना हा हिशेब समजावून सांगत असे. आमच्यापुढे विदर्भ म्हणजे वजाबाकीची वजाबाकी!

पण या हिशेबात एक गोष्ट मी कधी धरली नाही. क्रिकेटच्या खेळाला त्या दिवसांत आश्रयदाता लागे. आपल्या देशाचा पहिला कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू हा नागपूरचा. १८९५ सालचा जन्म. १९२६ मध्ये मुंबईस एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकार ठोकून १५३ धावा करणारा हा पुरुष १९२३ पासूनच इंदूरकर होळकरांच्या पदरी होता. महाराजांनी त्यांना आपल्या फौजेत घेतले होते. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. नागपूरने माणूस दिला आणि करंडक इंदूरला गेला. आमच्याकडे कोणी महाराजा नव्हता. आमच्याकडे होता कापूस.

आणि कापसानेच भाऊंचे क्रिकेट खाल्ले. ते कसे, ते सांगतो.

खामगावची कापसाची पेठ इंग्रजी अमदानीपासून नावाजलेली. इतकी, की येथपर्यंत आगगाडीचा फाटा आणला तो कापसासाठी, आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. दिवाळी सरली की गावाकडच्या वाटांवर कापसाच्या बंड्यांची रांग लागे. जिनांत रात्रंदिवस सरकी आणि रुई वेगळी होई, प्रेसमध्ये गठाणी बांधल्या जात, आणि हवेत तंतू उडत राहत. हा हंगाम संक्रांतीच्या पुढेपर्यंत चाले. वडील एका जिनाच्या कचेरीत कारकून होते. १९६२ सालच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या जागेवर, मालकांच्या मेहेरबानीने, अठरा वर्षांचे भाऊ बसले.

त्याच महिन्यात भाऊंच्या नावाने नागपूरहून एक पत्र आले होते. भाऊ लेगस्पिन टाकीत. राष्ट्रीय शाळेच्या बाजूच्या माळावर काथ्याची चटई अंथरून गावातील पोरे खेळत. त्या चटईवर भाऊंचा चेंडू पडला की फलंदाज एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे जाई. कोणा खेळणाऱ्या गृहस्थाने ते पाहिले आणि नागपूरला शब्द टाकला. निवडीच्या चाचणीस येऊन जावे, असे ते पत्र होते. चाचणी आठ दिवसांवर आणि हंगाम ऐन भरात. नव्या कारकुनाने आठव्या दिवशी रजा मागायची कशी? भाऊंनी पत्र वाचले, घडी घातली आणि वहीत ठेवले. त्या पत्राबद्दल ते पुन्हा कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. रणजीचे सामने कार्तिक ते माघ, आणि कापूसही कार्तिक ते माघ. जिनाच्या कारकुनाला इतर आठ महिने रजा मिळेल, या चार महिन्यांत नाही. भाऊंनी चाळीस वर्षे नोकरी केली आणि चाळीस वर्षांत विदर्भाचा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात नागपूरला पहिलावहिला कसोटी सामना झाला, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हंगाम अजून लागायचा होता, रजा मिळण्यासारखी होती. मी म्हटले, "भाऊ, चला, जाऊन येऊ." भाऊ म्हणाले, "तो भारताचा सामना हाये. आपला कुठं हाये?" मी एकटाच गेलो. भारत १६७ धावांनी हरला. परत आल्यावर भाऊंनी एवढेच विचारले, "मैदान कसं हाये?" मी मैदानाचे वर्णन केले, ते त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

त्यांनी पाहिले नाही ते सारे वहीत होते. प्रत्येक हंगामास एक वही. डाव्या पानावर धावफलक, वर्तमानपत्रातून उतरून घेतलेला. आमच्याकडचे बळी लाल शाईने. उजव्या पानावर भाऊंचे शेरे आणि अगदी वर, कोपऱ्यात, त्या दिवसाचा कापसाचा भाव. कारकुनाची सवय, दुसरे काय! पण त्या कोपऱ्यात भावाच्या जोडीने इतरही काहीबाही येई. वडील गेले तो दिवस एका सामन्याचा दुसरा दिवस होता. मी मॅट्रिक झालो, बहिणीचे लग्न ठरले, वाड्यात नळ आला, सगळे त्या पानांत होते.

आता लिहायला हात जड होतो, पण लिहिले पाहिजे.

१९८८ च्या दिवाळीपूर्वी घराला चुना काढायचा होता. मी तेव्हा बँकेत होतो, हातात चार पैसे खेळत होते, आणि घर नीटनेटके करण्याची मला भारी हौस आली होती. माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तीत जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. त्या वह्या कोणत्या, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. ठाऊक होते. पण मला वाटले, हरलेल्या सामन्यांच्या वह्या. यांचे काय लोणचे घालायचे आहे? दारावर रद्दीवाला आला होता. त्याने तराजू काढला. ३१ हंगामांच्या ३१ वह्या. किती पैसे आले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरे.

संध्याकाळी भाऊ आले. पेटी रिकामी दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी रद्दीवाल्याचे नाव सांगितले. ते सायकल काढून गेले आणि रात्री उशिरा परतले. गठ्ठा दुपारच्याच ट्रकने अकोल्यास गेला होता. ते जेवायला बसले, जेवले, हात धुतला. मला वाटले होते, आता बोलतील. बोलले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले : हंगाम १९८८-८९.

त्यानंतरही विदर्भ हरतच राहिला, पण मी पुन्हा कधी भाऊंना "हरले ना?" असे विचारले नाही.

संघाचे दिवस पालटले ते हळूहळू, आणि एकाच कारणाने नव्हे. २००८ साली नागपूरबाहेर वर्धा रस्त्यावर जामठ्याचे नवे मैदान उभे राहिले. मुलांना राहून शिकता येईल अशी अकादमी निघाली. बाहेरचे जाणते शिक्षक आले. मग मुले दिसू लागली. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी ओळीने दोन वर्षे संघाने उपउपांत्य फेरी गाठली. शिवाय रणजीत बाहेरच्या प्रांताचे काही खेळाडू मोबदला देऊन घेता येतात. त्यांना प्रोफेशनल म्हणतात. कर्नाटकातून गणेश सतीश आला, आणि प्रत्यक्ष मुंबईहून वसीम जाफर! ज्याने मुंबईतर्फे आठ वेळा रणजी करंडक उचलला तो माणूस विदर्भाची टोपी घालून उभा राहिलेला पाहून मला, जुन्या मुंबईवाल्याला, घरचाच माणूस सासरी गेल्यासारखे वाटले.

भाऊ तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू केली होती. वर्तमानपत्रातील बारीक अक्षर दिसेना, तेव्हा वही मी लिहू लागलो. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचे, मग मी उतरवायचे. एके दिवशी माझ्या मुलीने सांगितले की रणजीच्या अगदी पहिल्या सामन्यापासूनचे धावफलक आता संगणकावर मिळतात. माझ्या काळजात लख्ख झाले. म्हणजे ३१ वह्या पुन्हा लिहिता येतील!

दोन वर्षे आम्ही तेच केले. मुलगी कागद छापून आणी, मी रोज दुपारी दोन तास बसून उतरवी. बळी लाल शाईने. भाऊ शेजारी आरामखुर्चीत. मधूनच म्हणत, "थांब. हा पोट्टा तिसऱ्या नंबरवर आला होता, नाही?" कागदावर पाहावे तर तिसऱ्याच क्रमांकावर! धावफलक सगळे परत आले. पण उजवे पान कोरे राहिले. १९६४ च्या पौषात कापसाचा भाव काय होता, नळ कोणत्या दिवशी आला, वडील गेले त्या दिवशी भाऊंनी काय लिहिले होते, हे कोणत्याच संगणकात नाही. मी एकदा धीर करून विचारले, "भाऊ, शेरे सांगता का? लिहून घेतो."

भाऊ म्हणाले, "शेरे तवाचे होते. आता सांगितले तं ते आताचे होतील. राहू दे कोरं."

याच सुमारास आमचा भाचा, जो नोकरीनिमित्त कोरियात सोल शहरी असतो, सुट्टीवर आला. वह्यांचा प्रकार पाहून त्याने तिकडची एक हकीकत सांगितली. कोरियात १९८२ साली धंदेवाईक बेसबॉलचे सामने सुरू झाले. एकेका बड्या कंपनीने एकेका गावाचा संघ काढला. एकंदर सहा संघ. इंचॉन हे बंदराचे गाव. तेथला संघ साम्मी नावाच्या पोलाद कंपनीचा, आणि नाव काय, तर 'सुपरस्टार्स'. या सुपरस्टारांनी पहिल्या हंगामात ८० सामने खेळून १५ जिंकले, ६५ हरले! पुढच्या वर्षी त्यांनी जपानमधून चांग म्यॉंग-बू नावाचा एक गोलंदाज, तेथील भाषेत पिचर, आणला. त्या एकट्याने ३० सामने जिंकून दिले. पण त्याचा खांदा किती दिवस पुरणार? १९८५ साली कंपनीने संघ विकला. पुढे तो आणखी दोनदा हातोहाती फिरला, दर वेळी नवे नाव. शेवटी ह्युंदाईच्या मालकीत १९९८ साली अजिंक्यपद मिळाले. इंचॉनचे लोक नाचले. आणि २००० साली कंपनीने संघ गावातून उचलून नेला. २००८ साली तर तो मोडूनच टाकला.

भाऊंनी हे सारे कान टवकारून ऐकले. "पासष्ट हरले?" त्यांनी पुन्हा विचारून घेतले. मग बराच वेळ गप्प राहिले.

"त्याहीचा संघ इकता आला, म्हनून गेला," ते म्हणाले. "आपला कोन इकत घेते? म्हनून राह्यला."

संघ गरीब असण्याचा हा एक फायदा माझ्या बँकेच्या हिशेबात कधी आला नव्हता.

आणि मग २०१७ चा डिसेंबर उजाडला.

चंद्रकांत पंडित त्या वर्षी संघाचे शिक्षक होते. कडक शिस्तीचा माणूस. कर्णधार नागपूरचा फैज फजल. जाफर त्या हंगामात एक पैसाही मोबदला न घेता खेळत असल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आदल्या हंगामात दुखापतीने खेळता आले नव्हते, त्याची ही परतफेड. उपउपांत्य सामन्यात सुरतेस केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. उपांत्य सामना कलकत्त्यास, बलाढ्य कर्नाटकाशी. विदर्भ पहिल्या डावात १८५ मध्ये गारद. कर्नाटक ३०१. दुसऱ्या डावात विदर्भ ३१३. गणेश सतीशने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ८१ काढल्या. कर्नाटकास १९८ हव्या. चौथ्या दिवसाअखेर ७ बाद १११. भाऊ रात्रभर झोपले नाहीत. पाचव्या सकाळी तळाचे फलंदाज काही केल्या हटेनात. मी टी. व्ही.समोर बसून एकेक चेंडू मोठ्याने सांगत होतो. रजनीश गुरबानीने, जो शिक्षणाने स्थापत्य अभियंता आहे, डावात ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावांनी विदर्भ अंतिम फेरीत! भाऊ म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितले. त्यांनी तिसऱ्यांदाही विचारले.

अंतिम सामना २९ डिसेंबरपासून, दिल्लीविरुद्ध. आणि कोठे? तर इंदूरला, होळकर मैदानावर! ज्या होळकरांनी नागपूरचे नायडू नेले त्यांच्याच नावाचे मैदान. दिल्लीच्या २९५. गुरबानीचे ५९ धावांत ६ बळी, त्यांत तीन लागोपाठच्या चेंडूंवर, तिघांचाही त्रिफळा. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ साली, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केला होता. अकोल्याच्या आदित्य ठाकरे नावाच्या मुलाने याच सामन्यात पदार्पण केले. अकोला म्हणजे आमच्या दारातच. "अकोल्याचा हाये? खरंच अकोल्याचा?" भाऊंनी दहादा विचारले असेल. नागपूरला जाण्यासाठी रजा न मिळालेला खामगावचा पोरगा त्यांना त्या क्षणी आठवला असेल का? मी विचारले नाही.

विदर्भाच्या ५४७. अक्षय वाडकरच्या १३३. दिल्ली दुसऱ्या डावात २८०. जिंकायला अवघ्या २९. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून सामना संपला. शेवटी खेळपट्टीवर वसीम जाफर होता. पहिल्या सामन्यापासून साठ वर्षे!

मी वही उघडली, धावफलक उतरवला आणि भाऊंना विचारले, "शेरा काय लिहू?"

भाऊंनी थोडा विचार केला. "कापसाचा भाव पाहून घे आधी," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम फेरीत, आणि सामना जामठ्यास. मी भाऊंना म्हटले, "या खेपेस ना हंगामाची अडचण, ना रजेची. चला." शेगावहून पहाटेच्या विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही ६ फेब्रुवारी २०१९ रोजी नागपूर गाठले. रात्री भाचीकडे मुक्काम केला आणि ७ तारखेस सकाळी मैदानावर जाऊन बसलो. पाचवा दिवस. सौराष्ट्राला जिंकायला २०६ हव्या होत्या. ५ बाद ५८ वरून खेळ सुरू झाला. भाऊंना खेळाडू दिसत नव्हते; पांढरे ठिपके हलताना दिसत. पण बॅटचा आवाज येई, आणि बळी पडला की आरोळी येई. पाच वेळा आरोळी आली. सौराष्ट्र १२७. विदर्भाचा ७८ धावांनी विजय. आदित्य सरवटेचे सामन्यात ११ बळी, त्यांत दोन्ही डावांत पुजारा. तोही एकदा १ वर आणि एकदा शून्यावर!

लोक नाचत होते. भाऊ बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी म्हटले, "भाऊ, १९८८ साली मी तुमच्या वह्या..." एकतीस वर्षे हे वाक्य माझ्या घशात होते. भाऊंनी ते पुरे होऊ दिले नाही.

"तू मले इथं घेऊन आला ना?" ते म्हणाले. "झालं तं मग."

भाऊ २०२२ च्या पावसाळ्यात गेले. वही मी चालू ठेवली आहे.

मार्च २०२४ मध्ये विदर्भ अंतिम सामन्यात वानखेडे मैदानावर उतरला, समोर मुंबई. माझी परीक्षाच होती म्हणा ना! ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य होते. विदर्भ लढत राहिला. वाडकरने शतक पुरे केले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. घरात कोणी नव्हते, म्हणून बरे. ३६८ वर डाव संपला, १६९ धावांनी सामना गेला. मुंबई जिंकली आणि मला वाईट वाटले, असे आयुष्यात प्रथमच घडले. त्या रात्री धावफलक उतरवताना मला भाऊंच्या वह्यांचा अर्थ लागला. जिंकलेल्याचे सगळे जग लिहून ठेवते. हरलेल्याचे त्याच्या घरच्यांनी लिहायचे असते.

त्यापुढच्या वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, करंडक तिसऱ्यांदा विदर्भात आला. जामठ्यास केरळविरुद्ध सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२, त्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता. दानिश मालेवारच्या १५३, करुण नायरच्या ८६ आणि १३५. हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी. एका हंगामात इतके बळी रणजीत आजवर कोणी घेतले नव्हते.

डावे पान मी असे भरले. मग उजव्या पानाच्या कोपऱ्यात कापसाचा भाव घातला. भाव चांगला नव्हता. खाली लिहिले : आज नातवाने विचारले, आजोबा, बुलढाणा विदर्भातच येतो ना? सांगितले, येतो.